दाढ काढायला गेले होते, वाचवून आले (कराडमधला आमचा दातांचा दवाखाना)

चार रात्री झोप नव्हती. उजवीकडची खालची दाढ, आडवं झालं की ठणका सुरू. लवंगेचं तेल लावून झालं, गोळ्या खाऊन झाल्या, शेवटी या दवाखान्यात गेले आणि मॅडमना म्हटलं, काढूनच टाका एकदाची. त्यांनी आधी एक्सरे काढून स्क्रीनवर दाखवला. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली होती पण मुळं आणि हाड चांगलं होतं. म्हणाल्या, काढायला वेळ लागत नाही हो ताई, पण मग शेजारची दाढ त्या जागेत कलते, वरची खाली उतरते, आणि ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला नकली दात) करायचा तर दोन्हीकडचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात. दहा वर्षांपूर्वी दुसरीकडे माझी डावी दाढ पाच मिनिटात काढून दिली होती, तेव्हा यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही, त्या बाजूने मी आजही नीट चावत नाही. फार वाईट वाटलं.

मग रूट कॅनलच केलं. भुलीची सुई टोचली तेवढंच दुखलं. आतली सडलेली नस काढतात, मुळांच्या नळ्या बारीक सुयांनी साफ करतात आणि गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरून बंद करतात. माझ्या दाढेला चार नळ्या निघाल्या म्हणून ३ सिटिंग लागल्या. वर कॅप. ठणका थांबला म्हणून कॅप टाळू नका प्लीज, आतून पोखरलेली दाढ चावताना चिरते, माझ्या जावेची वर्षभरात उभी दुभंगली आणि शेवटी काढावीच लागली.

सासूबाईंनाही नेलं. मशेरीची सवय जुनी, हिरड्यातून रक्त यायचं, पण दात साफ केले की हलतात म्हणून त्या तयारच नव्हत्या. मॅडमनी त्यांना आरसा हातात देऊन दाखवलं की हा दगडासारखा थर हिरडीत शिरून आजार वाढवतो, त्यानेच खालचं हाड झिजतं आणि दात हलतात, थर निघाला की आधीच झालेल्या फटी उघड्या पडतात म्हणून लोकांना वाटतं साफ केल्याने झालं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शुगर किती, सगळं विचारलं, गालाच्या आतून पांढरा चट्टा नाही ना तेही तपासलं. आठवडाभर गार पाणी झिणझिणलं, मग बरं वाटलं. मशेरी अजून पूर्ण सुटली नाहीये, पण कमी केलीये.

आणि ज्यांची मुलं सहा-सात वर्षांची आहेत त्यांनी हे वाचाच, दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते ती कायमची असते, कुठलाही दात न पडता येते म्हणून आपण दुधाचीच समजून सोडून देतो, माझ्या मुलाच्या त्या दाढेत वेळेवर सिमेंट भरलं म्हणून वाचली.

पैसे म्हणाल तर रूट कॅनलचे ४००० आणि कॅपचे ३५०० घेतले, आधीच कागदावर लिहून दिले होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांना जिना त्रासाचा आहे, याचं काहीतरी करायलाच हवं. संध्याकाळी तासभर बसावं लागतं, सकाळी फोन करून नंबर लावलेला बरा.