नखाच्या मुळाशी बघायला डर्मोस्कोप पुरेल, की व्हिडिओ कॅपिलरोस्कोप हवा?

थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. असा रेनॉडचा पेशंट समोर आला की खरा प्रश्न एकच: त्रास एवढाच आहे, की मागे स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव कडक करणारा आजार) दडलाय? नखाच्या मुळाशी केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, आडव्या पडलेल्या असतात, म्हणून वरून अख्ख्या दिसतात. निरोगी बोटात त्या हेअरपिनांसारख्या ओळीत लागतात, मिलिमीटरमागे ७ किंवा जास्त.

डर्मोस्कोप म्हणजे कातडी बघायचं हातातलं भिंग, ते साधारण १० पट मोठं दाखवतं. त्वचारोगतज्ज्ञाकडे तो असतोच, खिशात मावतो. अनामिकेवर सोनोग्राफीच्या जेलचा थेंब टाकून टेकवा. फुगलेल्या जाड वेटोळ्या, नखाकडेला रक्ताचे काळपट ठिपके आणि मध्येच केशवाहिन्या नसलेले ओसाड पट्टे दिसले, तर स्क्लेरोडर्माचा संशय पक्का धरा. डर्मॅटोमायोसायटिसमध्येही (कातडी आणि स्नायूंना सूज आणणारा आजार) असंच दिसतं, शिवाय झुडपासारखे फाटे फुटलेले असतात. ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) मात्र स्वतःची अशी खूण नसते, तिथे दोन्ही यंत्रं फार मदत करत नाहीत.

व्हिडिओ कॅपिलरोस्कोप, म्हणजे केशवाहिन्यांचं चित्र पडद्यावर दाखवणारा कॅमेरा, २०० पट दाखवतो. ५० मायक्रॉनपेक्षा रुंद ती राक्षसी केशवाहिनी, हे तो मोजून सांगतो. २० ते ५० मायक्रॉनची नुकतीच रुंदावलेली वाहिनीही त्यातच नीट कळते. फोटो जपून ठेवता येतात, सहा महिन्यांनी शेजारी ठेवून बघता येतात. पण किंमत मोठी, हात बसायला वेळ लागतो, आणि आठ बोटं नीट तपासायची तर घाई चालत नाही.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीत १० पटीचं चित्र पुष्कळदा धूसर येतं. म्हणून डर्मोस्कोपखाली ‘काही नाही’ दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह असेल किंवा बोटं सुजलेली असतील, तर व्हिडिओ तपासणीला पाठवाच. स्क्लेरोडर्माच्या २०१३ च्या वर्गीकरण निकषांत रेनॉडला ३ आणि बिघडलेल्या केशवाहिन्यांना २ गुण आहेत, त्यात बसायला ९ लागतात. हे २ गुण हुकणं परवडणारं नाही.

माझं मत: साध्या ओपीडीसाठी डर्मोस्कोप आजच घ्या. संधिवाताचे पेशंट रोज बघत असाल, तर व्हिडिओ यंत्रासाठी पैसे बाजूला काढा.

यंत्र कुठलंही असो, पेशंटला आधी १५-२० मिनिटं खोलीत बसू द्या. भांडी घासणाऱ्या, नखाकडेची कातडी कुरतडणाऱ्या हातांवरचे ठिपके मारानेही येतात, तेव्हा आधी विचारून घ्या.