स्वादुपिंडाच्या शेपटातली गाठ: उपप्लीहा की न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर?

उपप्लीहा म्हणजे प्लीहेच्याच ऊतीचा सुटा गोळा; न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची गाठ. सीटी स्कॅनवर दोन्ही गोल, गुळगुळीत कडेच्या, आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचलेले, प्रतिमा उजळवणारे द्रव्य) दिल्यावर दोन्ही स्वादुपिंडापेक्षा उजळ. त्यामुळे आकारावर भिस्त ठेवू नये, शेजारच्या प्लीहेशी ताडून बघावे.

उपप्लीहा साध्या, कॉन्ट्रास्टविना स्कॅनपासून प्रत्येक फेजमध्ये (कॉन्ट्रास्टनंतर ठरावीक वेळी घेतलेल्या स्कॅनमध्ये) प्लीहेच्याच पावलावर पाऊल टाकते. आर्टेरियल फेजला (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना, साधारण ३५ सेकंदांनी) प्लीहा पट्टेरी दिसते, तेव्हा आरओआय (मोजणीसाठी आखलेला भाग) कुठे ठेवला त्यावर आकडा हलतो. म्हणून हाउन्सफील्ड आकडे (सीटीवरील घनतेचे माप) ७० सेकंदांच्या पोर्टल व्हीनस फेजला (कॉन्ट्रास्ट यकृताकडच्या शिरेत पोचल्यावर) जुळवावेत. सेंटिमीटरभर गाठीला ५ मिलिमीटरचे स्लाइस नकोतच; आजूबाजूची चरबी मिसळून आकडा खोटा उतरतो. १ ते १.५ मिलिमीटरचे बघा.

ट्यूमर बहुधा आर्टेरियलला ठळक उजळतो आणि कुठल्या ना कुठल्या फेजला प्लीहेपासून फारकत घेतो. कॅल्शियम, फुगलेली नलिका किंवा यकृतात डाग असतील तर पारडे त्याच्याकडे.

शंका उरली म्हणून गॅलियम-६८ डोटाटेट पेट (अशा ट्यूमरला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेला स्कॅन) मागवण्याची घाई होते, आणि तिथेच फसगत होते: प्लीहेची ऊतीही ते द्रव्य शोषते, त्यामुळे दोन्ही चमकतात. उष्णतेने इजा केलेल्या, टेक्नेशियम (किरणोत्सारी खूण) लावलेल्या तांबड्या रक्तपेशी मात्र उपप्लीहेत साठतात, ट्यूमरमध्ये नाही.