चेहऱ्यासाठी फोर-डी पॅकेज घ्यावं की नेहमीच्या सोनोग्राफीतलाच फोटो पुरे? आमचा दोन्ही वेळचा अनुभव

गेल्या दोन महिन्यांत ऑफिसमधल्या दोघांनी अन् बायकोच्या मामेबहिणीनं एकच प्रश्न विचारला, सातव्या महिन्यात फोर-डी, म्हणजे बाळ उठावदार अन् हलताना दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यायची का, बाळाचा चेहरा दिसतो म्हणतात, पैसे वसूल होतात का. प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगून राहिलो होतो, मग म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. आम्ही पहिल्या वेळी फोर-डीचं पॅकेज घेतलं, दुसऱ्या वेळी मुद्दाम नाही घेतलं. दोन्ही वेळी नागपुरातच, धंतोलीतच, सेंटर मात्र वेगवेगळी, नावं घेत नाही. तुलना करण्यापुरता अनुभव आहे एवढंच म्हणेन. मी डॉक्टर नाही, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम सांगतील ते आधी, माझं नंतर.

एनटी म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या सुमारचा स्कॅन, अॅनोमली म्हणजे पाचव्या महिन्यात बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारा, अन् ग्रोथ म्हणजे शेवटच्या महिन्यांत बाळाची वाढ बघणारा, एवढं धरून पुढं चालतो.

आधी एक गोष्ट, कारण यात लोकांचा फार घोळ होतो. बायकोची चुलत बहीण न्यू जर्सीला असते, तिनं तिकडच्या एका स्टुडिओत असा हौसेचा स्कॅन केला होता. अख्खं घर सोफ्यावर बसून मोठ्या स्क्रीनवर बाळ पाहून राहिलं, हृदयाचे ठोके रेकॉर्ड करून टेडीच्या पोटात बसवून दिले. तो व्हिडिओ पाहूनच आमच्याकडं सगळं सुरू झालं. पण तसला स्टुडिओ आपल्याकडं चालतच नाही. गर्भलिंग तपासणी रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो अजून कडक झाला, अन् आपल्या महाराष्ट्रानं तर त्याच्याही आधी १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला. सेंटर रजिस्टर्ड पाहिजे, डॉक्टर क्वालिफाइड पाहिजे, दर वेळी फॉर्म एफ भरायचा, त्यावर आईची सही. त्या फॉर्ममध्ये सोनोग्राफीची कारणं छापलेली असतात, त्यात बाळाची वाढ आहे, बाळाभोवतीचं पाणी आहे, व्यंग आहे, चेहरा बघायची हौस हे कारण नाही. त्यामुळे इथं फोर-डी पॅकेज म्हणजे काय, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अॅनोमली किंवा ग्रोथ स्कॅनच्या वेळीच चेहऱ्याचे फोटो जास्तीचे काढून देतात. कुणी म्हणालं की चिठ्ठी नको, फॉर्म नको, नुसते फोटोला या, तर तिथून सरळ परत फिरा. अन् मुलगा-मुलगी हा विषय तर तिथं काढायचाच नाही, त्यासाठी तपासणी करून घ्यायला जाणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरं, फाइव्ह-डी या नावाला भुलू नका. थ्री-डी म्हणजे बाळाचं उठावदार चित्र, फोर-डी म्हणजे तेच, फक्त हलताना दिसतं. पाचवी मिती वगैरे काही नसते, सॉफ्टवेअरला दिलेलं नाव आहे, उजेड-सावली जरा चांगली टाकतात म्हणून कातडी खरी वाटते.

आता आमचं. पहिल्या वेळी मे महिना होता. मॅडमनी २८ व्या आठवड्यात ग्रोथ स्कॅन लिहून दिला, सेंटरच्या काउंटरवरच्या ताईनं विचारलं, "फोर-डी पण करून घेता का, चेहरा येतो छान," आम्ही लगेच हो म्हटलं. साध्या ग्रोथपेक्षा बाराशे रुपये जास्त, चार रंगीत फोटो अन् एक छोटा व्हिडिओ. धंतोलीत गाडी लावायला जागा नसते हे नागपूरकरांना सांगायला नको, म्हणून मेट्रोनं काँग्रेसनगरला उतरून रिक्षानं गेलो.

वाढ, वजन, पाणी हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत झालं असं बायको सांगते. मग चेहरा शोधणं सुरू. बाळानं एक हात गालावर घेतलेला, तोंड पाठीच्या बाजूला. सगळ्यांना वाटतं मशीन चांगली असली की फोटो चांगला येतो, तसं नाही, चेहऱ्यासमोर पाणी पाहिजे, बाळ वळलेलं पाहिजे, मध्ये वार, हात किंवा नाळ आली की संपलं. म्हणूनच २६ ते ३० आठवडे म्हणतात, त्याच्या आधी अंगावर चरबी नसते म्हणून चेहरा हाडकुळा दिसतो, नंतर जागा कमी पडते. डॉक्टर म्हणाले थोडं चालून या, काहीतरी गोड घ्या. खालच्या मेडिकलमधून मँगो ज्यूसची बाटली आणली. बाहेर ४४-४५ डिग्री, म्हणून कॉरिडॉरमध्येच आमच्या फेऱ्या, कूलरच्या ओल्या खसचा वास, बाकावर तीन-चार जणी नंबराला थांबलेल्या. तिला पाय जड झालेले, एका हातानं भिंत धरून चालून राहिली होती. परत आत, परत नाही. परत बाहेर. असं तीनदा. सगळं मिळून दोन तास गेले.

शेवटी मला पाच मिनिटं आत बोलावलं, मोबाईल बाहेर ठेवून. अन् हे मी प्रामाणिकपणे सांगतो, ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. पोरानं जांभई दिली. तोंड उघडलं, जीभ जराशी हलली, परत मिटलं. फोर-डीच्या बाजूनं बोलायचं तर माझ्याकडं हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. टू-डीमध्ये, म्हणजे नेहमीच्या करड्या सपाट सोनोग्राफीत, जांभई कळते म्हणतात, पण माझ्यासारख्याला कोणी बोट ठेवून दाखवलं तरच. आमच्या आजेसासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना करड्या फोटोत कधीच काही दिसलं नाही, हा रंगीत फोटो मात्र त्यांनी खिडकीशी नेऊन बघितला अन् म्हणाल्या, "नाक आपल्याकडचं आहे."

मग ते झालं ज्याच्यामुळं माझं मत फिरलं.

चारपैकी जो फोटो सगळ्यात स्पष्ट होता त्यात वरच्या ओठावर, नाकाच्या खाली एका बाजूला, एक काळी चीर होती. आम्ही दोघांनी सेंटरमध्ये ती बघितलीच नाही, आनंदात होतो. मेट्रोतूनच मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सीताबर्डी यायच्या आत काकूचा मेसेज, ओठ असा काऊन दिसून राहिला? मग आत्याचा फोन. मग घरी पोचलो तर आई दारातच उभी, अन् पहिला प्रश्न बायकोला, "ग्रहणात तू काही चिरलं होतं का गं?" आईच्या मनात वाईट नव्हतं, तिला तसंच शिकवलेलं. पण बायकोचा चेहरा मला आजही आठवतो. ती काहीच बोलली नाही, आत जाऊन बसली, मग रात्रभर तिनं तेच काढलं, त्या दिवशी मी भाजी चिरली होती का, सुई हातात घेतली होती का. मी फोटो मोठा करून-करून पाहून राहिलो होतो. जितका मोठा करावा तितकी चीर मोठी दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमकडं गेलो. त्यांनी रंगीत फोटो बाजूला ठेवला अन् अॅनोमलीचा रिपोर्ट मागितला, जो आमच्याकडं आठ आठवड्यांपासून फाईलमध्ये पडून होता. त्यात नाक अन् ओठ नॉर्मल असं लिहिलेलं होतं, सोबत टू-डीचा एक प्रिंटही होता, खालून घेतलेला, दोन नाकपुड्या अन् खाली ओठाची सलग रेघ. मॅडम म्हणाल्या, ओठ असे बघतात, हा रंगीत फोटो म्हणजे मशीननं बांधलेला पृष्ठभाग आहे, मध्ये नाळेची सावली पडली की तिथं खड्डा दिसतो. तरी त्यांनी स्वतः सोनोग्राफीच्या डॉक्टरांना फोन करून खात्री केली. सगळं ठीक होतं. पोरगा झाला तेव्हा ओठ व्यवस्थित. पण तेवढ्या एका रात्रीत घरातल्या सहा जणांनी एका बाईला मनातल्या मनात दोषी ठरवलं होतं, अन् तिनं स्वतःला पण. फोटो मी पाठवला होता, ते मला अजूनही लागून आहे.

सेंटरचीही थोडी चूक मला वाटते. फोटो हातात देताना एक वाक्य सांगायला पाहिजे होतं की ही सावली आहे, घाबरू नका. गर्दी असते, मान्य. पण ज्या कामाचे बाराशे घेतले त्याचंच वाक्य राहिलं.

दुसऱ्या वेळी डिसेंबर. बायकोनं स्वतःच सांगितलं, चेहरा नको, मला नीट तपासणी पाहिजे. १९ व्या आठवड्यात अॅनोमली, साधं पॅकेज. पण या वेळी आम्ही सेंटर चेहऱ्याचे नमुना फोटो पाहून निवडलं नाही, अॅनोमली कोण सावकाश करतं हे विचारून निवडलं. डॉक्टरांनी सगळं तपासून झाल्यावर मला आत घेतलं अन् स्क्रीनवर एकेक दाखवलं, हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा मोत्यांच्या सरीसारखा, मांडीचं हाड ज्याच्या दोन टोकांना ते ठिपके लावून मोजतात. मग म्हणाले, हे घ्या तुमच्यासाठी, अन् स्क्रीन थांबवून पायाच्या तळव्याचा प्रिंट काढून दिला. पाचही बोटं मोजता येतात. अंगठा बाकीच्यांपासून जरा दूर. त्या फोटोत घाबरण्यासारखं काही नाही, त्यावरून कुणी कुणाला बोलू शकत नाही, अन् आजेसासूबाईंना पण चष्मा लावून तो दिसला. खाली उतरून एका टपरीवर पोहे खाल्ले, तिला तर्री नको होती, मी डबल घेतली, अन् दोघं त्या पायाबद्दलच बोलत बसलो.

आता धोक्याचं. फोर-डीमुळं बाळाला काही होतं असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं अन् वैद्यकीय यंत्रांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, नुसत्या आठवणीसाठी स्कॅन करू नका असंच सांगते, कारण अल्ट्रासाउंडनं टिश्यू थोडे गरम होऊ शकतात, अन् वैद्यकीय फायदा नसताना वेळ लांबवण्यात अर्थ नाही. आमच्यासारखं तीन-तीनदा आत-बाहेर करून चेहरा शोधला तर वेळ लांबतोच. ज्यांना डॉक्टरांनी स्वतः थ्री-डी लिहून दिला, ओठ, कणा असं काही नीट बघायचं म्हणून, त्यांचा प्रश्नच वेगळा, त्यांनी माझं काहीएक ऐकू नये, करून घ्यावा.

फुटाळ्याला किंवा तेलंखेडी गार्डनला मॅटर्निटी शूट करणारेही विचारतात की त्याच पैशात ते बरं का. ते आम्ही केलं नाही, म्हणून बोलत नाही. डोहाळजेवणाचे घरचे फोटो आम्हाला पुरले.

मग घ्यायचा की नाही? आधी एखादं बाळ गेलेलं असेल अन् आईला डोळ्यांनी चेहरा बघितल्याशिवाय धीर येत नसेल, किंवा नवरा बॉर्डरवर पोस्टिंगला आहे अन् डिलिव्हरीला येता येणार नाही, अशा ठिकाणी मी नाही म्हणणार नाही, जरूर घ्या, फक्त ग्रोथ स्कॅनच्याच दिवशी जोडून घ्या, अन् आधी विचारून ठेवा की चेहरा नाही दिसला तर पैसे परत की दुसरी तारीख. चेहरा दिसला तर फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा, यात काही वेगळं दिसतं का. बाकी सगळ्यांना मी म्हणेन, ते बाराशे-पंधराशे वाचवण्यापेक्षा ते अॅनोमली चांगल्या ठिकाणी करण्यात घाला, फीटल मेडिसिनवाल्यांकडं, म्हणजे पोटातल्या बाळाच्याच तपासणीतल्या तज्ज्ञांकडं, वेळ मिळत असेल तर तिकडं, धंतोली-रामदासपेठेत आहेत, फोन करून लवकर नंबर लावावा लागतो कारण १८ ते २० आठवड्यांची खिडकी छोटी असते. अन् शेवटी हळूच म्हणा, डॉक्टर, पायाचा एक प्रिंट द्याल का. आम्हाला तर दिला.

तो प्रिंट थर्मल कागदावर असतो, त्याच दिवशी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. मोठ्याच्या वेळचा एनटीचा प्रिंट एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला होता, तीन दिवसांनी बघितला तर पूर्ण काळा झालेला.