30 बाय 40 चा प्लॉट: पॅसेजचा नकाशा की चौकाचा?

जुळे सोलापुरात 30 बाय 40 चा प्लॉट, रस्ता पश्चिमेला. घरात आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं. अशा घरासाठी साधारण दोन तऱ्हेचे नकाशे पुढ्यात येतात. पहिल्यात रस्त्याकडे हॉल, मग पॅसेज, मागे स्वयंपाकघर आणि बेडरूम. दुसऱ्यात पश्चिमेला जिना, बाथरूम-संडास. मध्ये हॉल आणि त्याला लागून 5 बाय 6 चा उघडा चौक.

पहिला दिसायला देखणा. रस्त्याकडची मोठी खिडकी कुणालाही आवडते. पण मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन त्याच खिडकीतून थेट सोफ्यावर येतं. छज्जा दक्षिणेचं ऊन अडवतो, मावळतीचं नाही. शिवाय तापलेली भिंत रात्रीही हॉल तापवत राहते. दुसऱ्या नकाशात हे ऊन जिना आणि बाथरूम झेलतात; तिथे कोण तासभर बसतंय? हॉलमधली गरम हवा चौकातून वर निघून जाते. मात्र चौकावर जाळीच हवी. पाऊस नको म्हणून फायबरचा पत्रा ठोकलात तर भट्टी तयार.

‘चौकात जागा वाया जाते’ असं हमखास ऐकवतात. चौकाला लागतात 30 चौरस फूट. पहिल्यातला 14 फूट लांब, साडेतीन फूट रुंद पॅसेज 49 चौरस फूट खातो, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिला एका बाबतीत सरस: बेडरूमची दारं हॉलमध्ये उघडत नाहीत. दहावीचं पोर घरात असेल तर टीव्हीचा आवाज हा मोठाच प्रश्न.

पाण्याचा हिशेब दोन्हींत सारखा. माणशी 135 लिटर धरले तर सहा जणांना दिवसाला 810 लिटर. नळ चार-पाच दिवसांनी येत असेल, तर 5,000 लिटरचा हौद लागणारच. त्याचं झाकण गाडीखाली येणार नाही, हे नकाशातच पाहा. आजी-आजोबांची खोली आणि संडास तळमजल्यावरच.

पश्चिमेच्या रस्त्याला मी दुसराच घेईन, जिन्याला बाहेरून वेगळं दार ठेवून. पुढे वरचा मजला भाड्याने देता येतो. रस्ता पूर्वेला असेल तर पहिल्याचा हॉल वाचतो, पण मागच्या बेडरूम भाजतात. तेव्हा बाथरूम मागच्या भिंतीला घ्या आणि पॅसेज निम्मा करायला सांगा.