नऊ महिने भिंतीवर: ‘मूनराइज, हर्नांडेझ’ची छापील प्रत

आल्या आल्या रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता नऊ महिने झालेत. या काळात दोनदा फ्रेम उतरवली, एकदा काच काढली, आणि हे चित्र मी चुकीच्या जागेपासून बघत होते हेही कळलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

वस्तू साधी आहे. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या फोटोची 16 बाय 20 इंचाची छापील प्रत, मॅट कागदावर. ॲडम्सच्या हातच्या मूळ प्रिंट लिलावात विकल्या जातात. 2006 साली त्यातली एक 6,09,600 डॉलरला गेली. त्या मानाने माझी फुकटच. पहिली आली ती हिरवट होती. काळं-पांढरं चित्र रंगीत शायांनी छापलं की करड्या भागांना कुठल्यातरी रंगाची झाक येऊ शकते, आणि ती खिडकीपाशी धरल्याशिवाय दिसत नाही. परत पाठवली. विक्रेत्याने आधी ‘तुमच्या बल्बचा दोष’ म्हणून बघितलं. तीन आठवड्यांनी बदली प्रत मिळाली, ती मात्र स्वच्छ निघाली. तुम्ही कुणी अशी प्रत घेणार असाल तर पार्सल दिवसाउजेडी उघडा.

चित्रात वर निम्म्याहून जास्त जागा जवळपास काळ्याकुट्ट आकाशाची. त्यात चंद्र, अगदी लहान. खाली ढगांचा लांबलचक पांढरा पट्टा, दूरवर बर्फाचे डोंगर, मग हर्नांडेझ हे छोटंसं गाव, चर्च, आणि चर्चच्या आसपास दफनभूमीतले पांढरे क्रूस. त्याच्या अलीकडे नुसती झुडपं.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘रात्रीचा आहे ना?’ नाही. सूर्य अजून मावळायचा होता, तो फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होता. क्रूस चमकतात ते चंद्रामुळे नाही, उन्हामुळे. ॲडम्सला स्वतःला तारखा लक्षात ठेवायचं वावडं होतं. या फोटोचं साल तो कधी 1940 सांगायचा, कधी 1944. शेवटी आकाशातल्या चंद्राच्या जागेवरून इतरांनीच गणित मांडलं. आधी उत्तर आलं 31 ऑक्टोबर 1941. मग कॅमेरा नेमका कुठे उभा होता ते शोधून खगोल अभ्यासक डेनिस डी सिक्कोने 1991 मध्ये ते दुरुस्त केलं: 1 नोव्हेंबर 1941, दुपारचे 4 वाजून 49 मिनिटं. हे वाचल्यावर भिंग घेऊन चंद्र पाहिला. खरंच, पूर्ण गोल नाही. पौर्णिमेला दोन-तीन दिवस बाकी असताना असतो तसा, एका कडेला किंचित झिजलेला.

फोटो मिळाला त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट बरोबर, दिवसभरात मनासारखं काही मिळालेलं नाही, गाडी परतीच्या वाटेला लागलेली. हे दृश्य दिसलं तसं त्याने गाडी बाजूला घेतली आणि 8 बाय 10 इंचाच्या निगेटिव्हचा तो अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला. ऐन वेळी लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. चंद्राची प्रखरता चौरस फुटाला 250 कँडल हा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून किती उजेड आत घ्यायचा याचा मनातल्या मनात हिशोब केला: लेन्सचं छिद्र एफ 32 इतकं बारीक, वेळ एक सेकंद, पुढे गडद पिवळा फिल्टर. खबरदारी म्हणून दुसरी निगेटिव्ह घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा केला, तोवर क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं.

शिकार साधल्यासारखी ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, मलाही आधी तेवढीच आवडायची. आता तिच्या पुढचा भाग जास्त आवडतो. हिशोब चंद्राचा होता, जमिनीचा नव्हता. त्यामुळे निगेटिव्हमध्ये खालचा भाग फार पातळ उतरला, म्हणजे तिथे उजेडाची नोंद अगदी पुसट, छापायला महाकठीण. 1948 साली ॲडम्सने रसायन वापरून निगेटिव्हचा तेवढाच खालचा भाग दाट करून घेतला. एकच निगेटिव्ह, ती बिघडली की संपलं, आणि तरी केलं. पुढे त्याने स्वतःच्या हाताने याच्या 1300 च्या वर प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात वरती फिकट ढग दिसतात. नंतरनंतर तो डार्करूममध्ये आकाश आणखी आणखी काळं करत गेला, शेवटी ढग बुडाले. तो पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेलं संगीत आणि प्रिंट म्हणजे ते वाजवणं, असं म्हणायचा. आपल्याकडे म्हणायचं तर बंदिश तीच, मैफल वेगळी.

माझ्याकडे आहे ती उशिराची, काळ्या आकाशाची मैफल. आणि तक्रार इथेच आहे. काचेआड एवढा मोठा काळा भाग म्हणजे सरळसरळ आरसा. संध्याकाळी दिवा लावला की आकाशात आमची ट्यूबलाइट आडवी उगवायची, चंद्रापेक्षा ठळक. बसलेल्या जागेवरून माझा चष्मासुद्धा दिसायचा. चौथ्या महिन्यात कंटाळून काच काढली. आता धूळ बसते, आठवड्याला मऊ ब्रश फिरवावा लागतो, कागदाचा एक कोपरा पावसाळ्यात जरा फुगलाही. पण काच नाही म्हटल्यावर काळ्याच्या आतलं दिसायला लागलं.

म्हणजे झुडपं. काच असताना तो भाग नुसता काळा गोळा वाटायचा. आता एकेक झुडूप सुटं दिसतं, त्याच्या टोकाला राखेइतका उजेड. मग नजर आपोआप क्रूसांवर जाते. ते सारखे नाहीत. काही उंच, काही बुटके, काही कललेले. एका रांगेत नाहीत. कुणी आखून लावलेलं नाही, लागतील तसे उभे केलेत. चंद्र कुठूनही दिसला असता, पुढच्या महिन्यातही दिसला असता. हे क्रूस त्या उन्हात असे फक्त तेवढाच वेळ होते. सगळे चंद्राबद्दल बोलतात, नावही चंद्रोदयाचंच. पण मला आता पक्कं वाटतं की चित्र टिकतं ते खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर. हाताने चंद्र झाकून बघा, गाव तग धरतं. क्रूस झाकले की उरतो तो एक देखणा चंद्र, तसे खूप आहेत.

आता पुन्हा घ्यायची वेळ आली तर आधीची, ढगांची आवृत्ती शोधीन का? स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. जुनीत ती एका गावातली संध्याकाळ आहे. नंतरचीत थोडं नाटक आहे, दिवे मंद करून पडदा वर केल्यासारखं. रोज जगायला जुनी बरी वाटते. पण पहिल्यांदा बघताना जुनी असती तर मी थांबले असते का, याची मला खात्री नाही. त्या काळ्यानेच मला ओढलं, हे कबूल करायला हवं. आकाश असं काळं नव्हतं, ते केलेलं आहे, हे कळल्यावर जादू ओसरेल असं वाटलं होतं. ओसरली नाही. उलट तो उजेड एवढ्या कष्टाने राखून ठेवलाय हे कळल्यामुळे मी सावकाश बघते.

तारे चार. एक कापला तो छपाईचा, क्रूसांमागची भिंत अजून थोडी उजळ हवी होती.

मागच्या रविवारी खिळा अर्धा फूट खाली ठोकला. खुर्चीत बसलं की आता क्रूस डोळ्यांसमोर येतात, चंद्रासाठी मान उचलावी लागते. जुन्या खिळ्याचं भोक फ्रेमच्या वर उघडं पडलंय, त्यात लांबी भरायची राहिलीय.