दुसरी कवळी : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या मे महिन्यात मला वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी मिळाली आणि आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे रोजच्या वापराचे नऊ महिने झाले. ही माझी दुसरी कवळी. पहिली मी पाच महिने लावली आणि त्यातले निम्मे दिवस ती पाण्याच्या वाटीतच राहिली. दोन्ही कवळ्या अॅक्रिलिक या प्लास्टिकच्याच आहेत. शेजारी ठेवल्या तर घरच्यांनाही चटकन वेगळ्या ओळखता येत नाहीत. फरक पडला तो मापामुळे. आमच्या आर्वी (जि. वर्धा) तालुक्यातल्या खेड्यांत ‘दाताचे डॉक्टर’ हा एकच शब्द सगळ्यांना लागू होतो. दाढ काढायची असो, कीड भरायची असो की कवळी बसवायची असो, माणूस एकाच दारात जातो. मीही तेच केले. त्यात काय बरोबर होते आणि काय चुकले, हे नीट लिहून ठेवावे असे वाटते.

माझे वय ६७, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. पायरियामुळे खालचे दात पन्नाशीच्या सुमारासच एकेक करून गेले आणि वरचे उरलेले सहा दीड वर्षापूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या दंतवैद्यांनी काढले. ते काम उत्तम झाले. मला मधुमेह आहे म्हणून त्यांनी आधी साखर तपासायला लावली, जखमा भरायला तीन महिने दिले आणि मगच कवळीचा विषय काढला. माप मात्र एकाच बैठकीत, तयार ट्रेने (मापाचा मसाला भरून तोंडात बसवायच्या साच्याने) घेतले गेले. दुसऱ्या वेळी मेणावर चावायला लावले आणि तिसऱ्या वेळी कवळी हातात आली. वरची ठीक बसली. खालची बोलताना उचलली जाई, जिभेच्या बुडाशी रुते आणि दोन घास खाल्ले की तिसरा तिच्याखाली शिरे. शब्दागणिक दात दातांवर आपटत आणि संध्याकाळपर्यंत कानाखालचा जबडा ठणकू लागे. डॉक्टरांनी ती चार वेळा घासून दिली. घासली की टोचणे थांबे, पण ती आणखी ढिली होई. चौथ्या खेपेला तेच म्हणाले, “गुरुजी, तुमचा खालचा जबडा अगदी सपाट झाला आहे जी. मी घासत राहिलो तर काही उरणार नाही. वर्ध्याला कवळीच्या तज्ज्ञांना दाखवा.” त्यांच्या या प्रामाणिकपणाचा मला आजही आदर वाटतो. हाच सल्ला माप घेण्याआधी मिळाला असता तर पाच महिने आणि आठ हजार रुपये वाचले असते, एवढीच माझी तक्रार आहे.

सपाट जबडा म्हणजे काय, हे मला वर्ध्याला कळले. दात पडले किंवा काढले की त्यांना धरून ठेवणारे हाड झिजू लागते, आणि हे झिजणे वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात कितीतरी जास्त असते. वरच्या कवळीला सगळ्या टाळूचा आधार मिळतो आणि मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे ती चिकटून राहते. खालच्या कवळीच्या वाट्याला घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी येते, तीही सतत हलणारी जीभ आणि गाल यांच्या मध्ये. माझे खालचे दात जाऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता, त्यामुळे ती पट्टीसुद्धा जवळजवळ उरली नव्हती.

बी.डी.एस. हा दंतवैद्याच्या पदवीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा असतो आणि त्यात पूर्ण कवळी करायला शिकवतातच. हिरडीचा उंचवटा चांगला असेल, तर साधा दंतवैद्यही चांगली कवळी देऊ शकतो. माझ्या मोठ्या भावाची तशीच आहे आणि तो सुखाने जेवतो. त्यापुढे तीन वर्षे एकाच शाखेचा अभ्यास केला की एम.डी.एस. पदवी मिळते. पाटीवर एम.डी.एस. दिसले म्हणजे कवळीचे तज्ज्ञ सापडले असे मात्र नव्हे, कारण वाकडे दात सरळ करणारे, हिरड्यांचे, लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञही एम.डी.एस.च असतात. कवळी, कॅप, ब्रिज आणि इम्प्लांटवरचे दात हे ज्यांचे काम, त्यांच्या विषयाचे नाव प्रोस्थोडॉन्टिक्स. पदवीखालचा हा शब्द वाचायला मी आता गावातल्या प्रत्येकाला सांगतो.

तज्ज्ञ डॉक्टरांकडे कवळी हातात येईपर्यंत मला पाच वेळा जावे लागले. पहिला दिवस मुख्यतः तपासणीचा होता. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्यांनी विचारले, कारण काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की कवळीची पकड जाते. जुनी कवळी तोंडात घालून मला बोलते ठेवले, आणि दात असतानाचा फोटो पुढच्या खेपेला आणायला सांगितला. पहिले माप त्या दिवशी झाले, पण ते केवळ माझ्या जबड्याच्या आकाराचा स्वतंत्र ट्रे तयार करण्यासाठी होते. खरे काम दुसऱ्या दिवशीचे. हिरव्या रंगाची, लाखेच्या कांडीसारखी एक कांडी स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करून त्यांनी ट्रेच्या काठावर बोटभर लावली, कोमट पाण्यात बुडवली आणि ट्रे तोंडात बसवला. जीभ बाहेर काढा, डावीकडे न्या, उजवीकडे न्या, आवंढा गिळा, आता ‘ऊ’ म्हणा, आता ‘ई’ म्हणा, असे चालले होते. प्रत्येक हालचालीसरशी तो मऊ काठ दाबला जाई आणि स्नायू जिथपर्यंत जागा देतात तेवढाच उरे. मग पुढचा बोटभर काठ. खालच्या एका ट्रेला पाऊण तास लागला. त्यानंतर लवंगेच्या तेलासारखा वास येणारी पेस्ट भरून अंतिम माप घेतले. माझी पहिली कवळी जिभेच्या बुडाशी का रुतत होती, याचे उत्तर मला त्या पाऊण तासात मिळाले.

तिसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पेनाने एकेक ठिपका दिला. “ओठ सैल सोडा आणि ‘म’ म्हणा,” असे सांगून त्यांनी दोन ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजले, मग मेणाच्या कडा तोंडात घालून पुन्हा मोजले. जबडा आरामात असताना वरच्या आणि खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर राहायला हवे. जुन्या कवळीत ते अजिबात नव्हते, म्हणूनच दात आपटत होते आणि जबडा दिवसभर ताणलेला राहत होता. चौथ्या दिवशी मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहिले. साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोठ्याने म्हणायला लावले, कारण ‘स’ उच्चारताना दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकायला नकोत. आयुष्यभर मुलांकडून उजळणी करून घेतलेला मी ‘सदुसष्ट’ म्हणताना अडखळलो, तेव्हा त्यांनी समोरचे दोन दात मेणातच किंचित हलवले आणि शब्द स्वच्छ आला. ही दुरुस्ती फक्त मेणात असतानाच होते. अॅक्रिलिक शिजल्यावर ती होत नाही. म्हणून जो डॉक्टर मेणातले दात दाखवत नाही, त्याला ते दाखवायला अवश्य सांगावे.

वापराविषयी. पहिले पंधरा दिवस तोंडात लाळ सुटत राहिली, वरण-भाताशिवाय काही गेले नाही आणि दोन ठिकाणी चट्टे पडले. चट्टा पडला की आपण कवळी काढून ठेवतो, पण दाखवायला जाण्याच्या दिवशी सकाळपासून ती लावून जावे लागते, म्हणजे कुठे टोचते ते डॉक्टरांना दिसते. तिसऱ्या महिन्यात वरणात चुरलेली भाकर खाऊ लागलो. समोरच्या दातांनी तोडायचे नाही, घास लहान घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचे, ही सवय लागायला वेळ लागला. या हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची उसळ पोटभर खाल्ली, संत्री तर रोजच. हुरडा मात्र जमत नाही, दाणा खालच्या कवळीखाली शिरतो; वांग्याच्या बियांचेही तसेच. फुटाणे आणि ऊस सोडले ते सोडलेच. नैसर्गिक दातांची ताकद कवळीला येत नाही, हे वर्ध्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मोठी जांभई आली की खालची आजही उचलली जाते. टाळू झाकलेली असल्यामुळे चहा किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून पहिला घोट जपून घ्यावा लागतो. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवतो. हिरड्यांना विश्रांती न दिल्यास टाळूवर बुरशीची लाली धरते आणि मधुमेह्यांना तो धोका जास्त. धुताना खाली पाण्याची बादली असते. माझ्या शेजाऱ्यांची कवळी मोरीच्या फरशीवर पडून दोन तुकडे झाली, तेव्हापासून ही काळजी आमच्या गल्लीत सगळेच घेतात.

ऑगस्टमध्ये नाल्याला पूर येऊन एस.टी. बंद होती आणि नेमका तेव्हाच उजव्या बाजूला चट्टा पडला. मी तालुक्याच्या त्याच जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वर्ध्याला फोन लावला, कवळीला आतून पांढरी पेस्ट लावली, दाबाची जागा नेमकी शोधली आणि तेवढीच घासली. दोन दिवसांत बरे वाटले. दर वर्षाला तोंड तपासून घेणे, चट्टा दोन आठवड्यांत न भरल्यास पुढे पाठवणे, ही कामे मी त्यांच्याकडेच ठेवली आहेत. आमच्या भागात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारे इतके आहेत की ही तपासणी सोडून चालणार नाही. माझ्या एका मित्राचे तोंड खर्ऱ्यामुळे जेमतेम दोन बोटे उघडते, साधा ट्रे आत जातच नाही. अशांनी आणि ज्यांचा जबडा माझ्यासारखा सपाट आहे त्यांनी थेट तज्ज्ञांकडे जावे. वर्ध्याच्या दवाखान्यात मला एक गृहस्थ भेटले, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या टाळूचा भाग काढला होता आणि प्यालेले पाणी नाकातून येई. ती पोकळी बंद करणारी प्लेट त्यांना तिथे करून मिळाली होती. माझ्यासमोर त्यांनी पेलाभर पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत.

खर्च बावीस हजार आला. प्रवासाचे म्हणाल तर ६५ वर्षांवरील लोकांना एस.टी.चे अर्धे तिकीट आणि ७५ नंतर पूर्ण मोफत, त्यामुळे पैशापेक्षा दिवस मोडतो तो जास्त. खाजगीत परवडत नसेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे; वेळ जास्त लागतो, पण काम अध्यापकांच्या देखरेखीखाली होते. आठवडी बाजारात किंवा परस्पर लॅबवाल्याकडून कवळी करून घेणे मात्र पूर्ण टाळावे. लॅबमधला माणूस कवळी घडवतो, पण तोंडात हात घालून रोग ओळखण्याचे शिक्षण त्याचे नसते, आणि कायद्यानेही त्याचे काम दंतवैद्याच्या सांगण्यावरून करायचे आहे.

आता माझ्या पत्नीची पाळी आहे. तिच्या खाली दोन सुळेच उरले आहेत आणि मीच म्हणत होतो की काढून टाकू, एकदम सगळी कवळी करू. वर्ध्याच्या डॉक्टरांनी थांबवले. सुळ्यांची मुळे पक्की आहेत, तेव्हा ते हिरडीच्या पातळीवर आखूड करून, मुळे जागेवर ठेवून, त्यांच्यावरून कवळी बसवायची, म्हणजे तिथले हाड टिकते आणि तिचा जबडा माझ्यासारखा होणार नाही. त्यासाठी आधी दोन्ही सुळ्यांचे रूट कॅनल लागते, आणि ते आपल्या तालुक्यातच करून घ्या, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. एकाचे गेल्या आठवड्यात झाले. दुसऱ्याचे येत्या गुरुवारी आहे.