ताटातलं सगळं दुसऱ्यांनीही खाल्लं, मग विष कशात?

डोरोथी सेयर्स यांची 'स्ट्राँग पॉयझन' (1930) सुरू होते तिथे बहुतेक रहस्यकथा संपायला आलेल्या असतात. साक्षी झाल्यात, न्यायाधीश ज्युरीला पुरावा समजावून सांगताहेत. पिंजऱ्यात आहे हॅरिएट व्हेन, स्वतः रहस्यकथा लिहिणारी. आरोप, पूर्वीचा प्रियकर फिलिप बॉइस याला आर्सेनिक घातल्याचा. न्यायाधीशांचं भाषण लांबतं. नाशिक रोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून पुस्तक उघडलं तर ते संपेस्तोवर इगतपुरी यावी. तरी त्यातली एक ओळही गाळू नका.

कारण कोडं तिथेच मांडलंय. त्या रात्री फिलिप नात्यातल्या भावाकडे जेवला. सूप, मासा, कोंबडी, शेवटी गोड ऑम्लेट. यातलं प्रत्येक आणखी कुणीतरी खाल्लंय आणि ते ठणठणीत आहेत. उरते हॅरिएटकडे नंतर घेतलेली कॉफी. शिवाय बाईंनी कादंबरीच्या अभ्यासासाठी खोट्या नावाने आर्सेनिक विकत घेतलेलं! पदार्थ, तो कुणी केला, कुणी खाल्ला, अशी यादी पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. लेखिका काहीही लपवत नाही.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात ज्युरी पाहिलेला वाचक आता सापडायचा नाही, म्हणून एक खुलासा. नाणावटी खटल्यात (1959) मुंबईच्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निकाल दिला होता. इंग्लंडमध्ये तेव्हा बाराही जणांचं एकमत लागे. इथे ज्युरीतली मिस क्लिम्पसन नावाची प्रौढ बाई अडून बसते, निकाल लागत नाही, आणि हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्सीला फेरसुनावणीपर्यंत जेमतेम महिना मिळतो.

विम्सी तुरुंगातल्या पहिल्याच भेटीत हॅरिएटला लग्नाचं विचारतो. आगाऊपणाच वाटतो, आणि वाटायलाच हवा. हॅरिएट नाही म्हणते. तिचा नकार हा पुस्तकाचा कणा आहे: ज्याने फाशीतून सोडवायचं त्यालाच होकार दिला, तर ते प्रेम की उपकाराची फेड? सेयर्स हा गुंता घाईने सोडवत नाहीत. होकारासाठी 1935 च्या 'गॉडी नाइट'पर्यंत थांबावं लागतं, आणि मधली 1932 ची 'हॅव हिज कार्कस' वगळून तिथे उडी मारण्यात मजा नाही.

तपासाची खरी धमाल बायकाच उडवतात. मृत्युपत्र शोधायला विम्सीसाठी काम करणारी मिस क्लिम्पसन खोटं प्लँचेट मांडते, ती प्रकरणं सर्वांत सरस. आर्सेनिक ओळखण्याची मार्श चाचणीही आहे: नमुना जस्त आणि आम्लात घालून निघणारा वायू तापल्या नळीतून सोडायचा, आर्सेनिक असेल तर काळपट डाग धरतो.

उणिवा आहेत. खुनी कोण हे निम्म्यातच कळतं; उत्सुकता उरते ती 'कसं' याची. त्या 'कसं'मागचं वैद्यकशास्त्र 1930 च्या समजुतींवर उभं आहे, डॉक्टर वाचक भुवया उंचावतील. ज्यूंबद्दलचे काही शेरे आज खुपतात. विम्सीची अवतरणबाज बडबड पहिल्या पन्नास पानांत डोकं खाते, मग सवय होते.

सेयर्स 1957 मध्ये वारल्या, त्यामुळे भारतात 2018 पासून पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे. विकत घेण्याआधी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, विचारा. स्वस्त पुनर्मुद्रण घेणार असाल तर मिस क्लिम्पसनची पत्रं उघडून बघा: तिरपी अक्षरं उडवून सगळं एकसारखं छापलं असेल, तर ती प्रत परत ठेवा. त्या बाईंचा आवाज त्या अक्षरांतच आहे.